जिन्याखालचा गारठा

पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आमचा जुना दुमजली कौलारू वाडा आहे. सासरे भाद्रपदात गेले. दिवाळीनंतर पहाटे चारच्या सुमारास माजघरात, जिन्याच्या तळाशी, एकदम गारठा जाणवू लागला. सासऱ्यांची आरामखुर्ची तिथेच असायची. आधी सासूबाईंना जाणवला, मग नवऱ्याला, आता मलाही जाणवतो. दोन पावलं बाजूला सरकलं की काही नाही. पुतण्याने ऑनलाइन मागवलेलं लेझरचं थर्मामीटर फिरवून दाखवलं: माजघरात २३ अंश, जिन्याखाली १५. भूत आसपासची ऊर्जा ओढून घेतं म्हणून असं होतं, असं तो सांगतो. शेजारच्या गावातले एक गृहस्थ ‘जागा बांधून’ द्यायचे ३५ हजार मागताहेत, तेही अमावास्येच्या आत. सासूबाई तयार आहेत. नवरा वाडा विकायच्या गोष्टी करतो. नऊ वर्षांची मुलगी एकटी झोपत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि मलाच तो गारठा लागतो, हे सांगायची लाज वाटते. सासरे फार शिस्तीचे. रोज रात्री टॉर्च घेऊन सगळ्या वाड्यात एक फेरी मारल्याशिवाय झोपायचे नाहीत. असा माणूस आम्हाला का घाबरवेल? पैसे देऊन घरात शांतता करावी, की विरोध करावा?

ताई,

लाज आधी सोडा. गारठा लागतोय म्हणजे लागतोय, आणि घरातल्या तिघांना एकाच जागी लागतोय म्हणजे तो बहुतेक खराच आहे. घरातला वाद ‘गारठा आहे की नाही’ यावर चाललाय, आणि तो तुम्ही हरणार, कारण तुम्हालाही तो लागतो. प्रश्न एवढाच ठेवा, की ही थंड हवा येते कुठून.

पुतण्याच्या ‘ऊर्जा ओढण्या’चा हिशोब करून बघू. तुमचं माजघर १५ फूट लांब, १२ फूट रुंद, ९ फूट उंच धरलं तर त्यात साधारण ४६ घनमीटर, म्हणजे ५० किलोच्या आसपास हवा असते. ती ८ अंशांनी गार करायला सुमारे ४०० किलोजूल उष्णता काढावी लागेल, आणि तेवढ्यात जेमतेम सव्वा लिटर पाणी उकळतं. भुताने एवढी ओढली असं समजा. पण माजघराच्या दगड-मातीच्या भिंती टनावारी आहेत, त्यांनी दिवसभराची ऊब धरलेली असते. त्या ती हवा थोड्याच वेळात परत कोमट करतील. म्हणजे एकदा ओढून भागायचं नाही, सतत ओढत बसावं लागेल. जिन्याखाली गारठा तासभर टिकत असेल, तर तिथे थंड हवेचा पुरवठा चालू आहे, आणि पुरवठ्याला वाट लागते.

ही वाट तुमच्या पत्रातच दिसतेय, पण आधी ‘सासरे गेल्यानंतर’ या शब्दांकडे बघू. भाद्रपदात आकाश ढगाळ असतं. ढग पांघरुणासारखे असतात, त्यामुळे दिवस आणि रात्र यांत फार फरक पडत नाही. दिवाळीपर्यंत पाऊस निघून जातो, आकाश निवळतं, हवा कोरडी होते आणि पहाटेचा पारा तुमच्याकडे दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे भाद्रपदात कुणीही गेलं नसतं तरी हा गारठा दिवाळीनंतरच सुरू झाला असता. मागच्या वर्षी या दिवसांत जिन्याखाली किती गार होतं, हे घरात कुणाला आठवतं का? बहुतेक नाही. तेव्हा तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

पहाटे चारचंही तसंच. रात्रीची थंडी साचत साचत सूर्योदयाच्या जरा आधी टोकाला जाते. आपल्या शरीराचं आतलं तापमानही बहुतेकांत पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली असतं. त्यात कच्च्या झोपेतून उठून अनवाणी चालत आलेला माणूस. त्वचेला तापमान कळत नाही, अंगातली उष्णता किती वेगाने निघून जातेय ते कळतं. शहाबादी फरशी आणि लाकडी पाट एकाच खोलीत ठेवले तर थर्मामीटर दोन्हींना सारखाच आकडा देतं, पाय मात्र फरशीवरच गारठतो. हे तुम्ही वर्गात शिकवतच असाल. पहाटे चार वाजता ते आठवत नाही, यात तुमची चूक नाही. भीती वाटली की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, अंगावर काटा येतो. तोही गारठा खोटा नसतो, फक्त तो आतून आलेला असतो.

आता वाट. कौलारू छप्पर निरभ्र रात्री आपली उष्णता थेट आकाशात टाकत असतं आणि बाहेरच्या हवेपेक्षाही दोन-चार अंशांनी गार होतं. कौलांखालची, माळ्यावरची हवा त्याला लागून थंड होते. थंड हवा जड, ती खाली यायला बघते, आणि वरच्या मजल्यावरून खाली यायला तिला मोठी वाट एकच: जिना. पायरी पायरीने ती पाण्यासारखी ओघळते, तळाशी पसरते आणि घोट्यांना लागते. दोन पावलं सरकलं की लागत नाही, कारण हा ओघ अरुंद असतो.

जुन्या वाड्यांत जिन्याच्या तोंडाशी झडप असते, आडवी नाहीतर उभं कवाड. तुमच्याकडे आहे का? असेल, तर सासूबाईंना विचारा, रात्रीच्या फेरीत सासरे ती लावायचे का. माझा अंदाज, लावायचे. अशा फेरीत माणूस मागचं दार बघतो, परसदाराची कडी बघतो, माळ्याची झडप ओढतो. ते गेल्यावर हे काम कुणाच्याच वाट्याला आलं नसेल. गारठा त्यांच्या जाण्याशी जोडलेला आहे ही सासूबाईंची जाणीव मग अगदी बरोबर ठरते, फक्त जोड वेगळी आहे. हा अंदाज आहे, तो खरा की खोटा हे तुम्हीच घरात तपासायचं. कसं, ते सांगतो.

आज रात्री अगरबत्ती. पंखे बंद, खिडक्या बंद, पाच मिनिटं कुणी हलायचं नाही. अगरबत्ती जिन्याच्या शेवटच्या पायरीपाशी जमिनीपासून चार बोटांवर धरा. हवा स्थिर असेल तर धुराची रेघ वीतभर सरळ वर जाते, मग विस्कटते. बुडापासूनच आडवी झाली तर तिथे झोत आहे, आणि धूर ज्या बाजूला पळतो त्याच्या उलट बाजूला त्याचं मूळ. तसंच मागे मागे जा: पायऱ्या, जिन्याखालची फळी, परसदाराचा उंबरा, खिडकीच्या चौकटी. सासूबाईंच्या हातात द्या अगरबत्ती. दहा व्याख्यानांनी होणार नाही ते त्या धुराने होईल. फटी छोट्या म्हणून सोडू नका. तीन फूट रुंद दाराखाली ३ मिलिमीटरची फट म्हणजे एकूण २७ चौरस सेंटिमीटर, दारात ६ सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडल्यासारखंच.

पुतण्याच्या लेझर थर्मामीटरने हवा मोजलीच नाही. त्यावर रागावू नका, खूप जण फसतात. ते यंत्र समोरच्या पृष्ठभागातून येणारी अवरक्त किरणं मोजतं. लाल ठिपका नुसता नेम दाखवतो, मोजणी त्याच्याभोवतीच्या वर्तुळाची होते. यंत्रावर १२:१ लिहिलेलं असेल तर १२ फुटांवरून एक फूट व्यासाच्या वर्तुळाची सरासरी मिळते. बहुतेक स्वस्त यंत्रं समोरचा पृष्ठभाग माती, लाकूड, चुन्याच्या गिलाव्यासारखा आहे असं धरून चालतात. घासलेल्या पितळेवर, तांब्यावर हा हिशोब पार कोसळतो. असा धातू स्वतःची किरणं फार थोडी सोडतो आणि समोरची परावर्तित करतो. तुमच्या जिन्याखाली जुनं घंगाळ किंवा बंब ठेवलेला नाही ना? बऱ्याच वाड्यांत ती जागा त्यांचीच असते. तसं असेल तर १५ अंश हे घंगाळाचं तापमान नाही. त्यात दिसणाऱ्या वरच्या थंडगार छपराचं प्रतिबिंब यंत्राने वाचलं असण्याची शक्यता मोठी. पुतण्यालाच करायला सांगा: घंगाळावर काळ्या इलेक्ट्रिक टेपचा चार बोटं रुंद तुकडा चिकटवायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग एक वीत अंतरावरून आधी टेपवर आणि मग शेजारच्या उघड्या पितळेवर नेम धरायचा. दोन्ही एकाच भांड्याचे भाग, तरी आकडे वेगळे आले की त्यालाच कळेल. आणि बाहेरून आणलेलं यंत्र लगेच वापरायचं नाही, अर्धा तास खोलीत ठेवून मग.

हवा मोजायला वायरच्या टोकाला सेन्सर असलेली, किमान-कमाल लक्षात ठेवणारी साधी डिजिटल थर्मामीटरं पुरतात. तीन घ्या. आधी तिन्ही एका टेबलावर तासभर शेजारी शेजारी ठेवून आकडे लिहा. एक-एक अंशाचा फरक निघेलच, तो नंतर वजा करायचा. याच पायरीला लोक आळस करतात आणि मग यंत्रांमधल्या फरकालाच भूत समजतात. सेन्सर पाणी सोसणारा असेल तर कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी ढवळून त्यात पाच मिनिटं बुडवा, शून्याच्या जवळ यायला हवं. मग एक सेन्सर जिन्याच्या तळाशी घोट्याच्या उंचीवर, जमिनीपासून १० सेंटिमीटर, दुसरा तिथेच बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, ११० सेंटिमीटर, आणि तिसरा माजघराच्या लांबच्या कोपऱ्यात, पुन्हा घोट्याच्या उंचीवर. भिंतीला किंवा फरशीला टेकवायचे नाहीत, नाहीतर तुम्ही हवा सोडून दगड मोजत बसाल.

आठ रात्री करा. चार रात्री झडप उघडी, चार रात्री बंद. कोणत्या रात्री काय, ते नाणं उडवून एकाच माणसाने ठरवायचं आणि बाकीच्यांना सांगायचं नाही. वरून कुणाला दिसणार नाही असा पडदा लावता आला तर उत्तम. झडप नसेलच, तर जाड सतरंजी जिन्याच्या तोंडावर टाकून हाच प्रयोग होतो. ज्याला पहाटे गारठा जाणवेल त्याने आधी वेळ आणि ‘किती’ हे चिठ्ठीवर लिहायचं, मगच थर्मामीटर बघायचं. आधी आकडा बघितला की अंगही त्याच्यासारखं वागायला लागतं. आठ दिवसांनी चिठ्ठ्या आणि झडपेची यादी शेजारी मांडा. घोट्याशी फरक आणि डोक्याशी नाही, उघड्या रात्री गारठा आणि बंद रात्री नाही, असं आलं की काम झालं.

नाही आलं तर? मग ओल बघा. जिन्यामागे न्हाणीघर असेल आणि भिंत झिरपत असेल तर बाष्पीभवनाने ती गार होते, माठासारखी. हवा २४ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर ओला पृष्ठभाग १७ अंशांपर्यंत उतरू शकतो. एक फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय. मग इलाज गवंड्याकडे, आणि तोही पावसाळ्याआधी. वाड्यात तळघर असेल तर त्याला उगाच दोष देऊ नका. जमिनीखालची हवा हिवाळ्याच्या पहाटे वरच्यापेक्षा ऊबदारच असते.

एक गोष्ट करू नका. जिन्याखाली ऊब म्हणून रात्री कोळशाची शेगडी ठेवून दारं लावायची नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होणं, मळमळ, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं आहेत, आणि गारठ्यावरच्या या उपायाने ‘बाधा’ खरोखरच घरात येईल. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात असेल तर तोही याच यादीत. सकाळी घरातल्या सगळ्यांचंच डोकं दुखत असेल तर थर्मामीटर बाजूला ठेवा, आधी दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि डॉक्टरकडे जा.

दुरुस्ती स्वस्त आहे. झडपेच्या चौकटीला रबराची चिकटपट्टी, परसदाराच्या दाराखाली जुन्या साडीची तीन इंच जाडीची, वाळूने भरलेली लांब पिशवी, जिन्याच्या तळाशी जमिनीला टेकेल असा गोधडीचा पडदा. पडदा वीतभर वर राहिला तर उपयोग नाही, थंड हवा नेमकी तेवढ्यातूनच सरकते. माळ्यावरची कौलं सरकली असतील तर तेही बघून घ्या. पण छप्पर ठासून बुजवू नका. जुन्या लाकडाला वारा लागतो, नाहीतर पावसाळ्यात वासे कुजतील.

एक गोष्ट पुतण्याशी बोलताना कामी येईल. तापमान उतरलं म्हणजे भूत, ही समजूत आपल्याकडची नाहीच. आपली भुतं कशी ओळखायची? उलटी पावलं, पिंपळावरचा मुंजा, रात्री रानात वाट चुकवणारा चकवा, पाण्यातला गिऱ्हा. यातल्या कुणाला थर्मामीटर लावायची कधी कुणाला गरज वाटली नाही. थर्मामीटर आलं इंग्लंड-अमेरिकेत मृतांच्या आत्म्यांना बोलवायला भरणाऱ्या अंधाऱ्या बैठकांतून. १९२३ मध्ये लंडनला हॅरी प्राइस या भुताखेतांचा शोध घेणाऱ्या गृहस्थांनी ‘स्टेला सी.’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणीच्या बैठकांत तापमापक ठेवून खोलीचा पारा उतरल्याच्या नोंदी केल्या. पुढे टीव्हीवरच्या भूतशोध्यांनी ते यंत्र उचललं आणि आता मोबाइलमधून ते तुमच्या माजघरात आलंय. त्याच इंग्लंडमध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या एका दालनात १५४२ साली शिरच्छेद झालेल्या कॅथरीन हॉवर्ड या राणीचं भूत फिरतं असं मानतात आणि लोकांना तिथे एकदम थंडी वाजते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांच्या चमूने २००० च्या सुमारास तिथे थर्मल कॅमेरे आणि वाऱ्याची उपकरणं लावली. जुन्या, झाकून गेलेल्या दारांच्या फटींतून येणाऱ्या वाऱ्याकडे त्यांनी बोट दाखवलं. राजवाडा असो की वाडा, सुताराला बोलवायचं काम सारखंच.

आता ३५ हजार. देऊ नका. अमावास्येची मुदत ही विचार करायला वेळ मिळू नये म्हणून असते. पैसे दिले आणि पुढच्या पहाटे झडप उघडीच राहिली, की गारठा परत येणार आणि ‘बाधा जबर आहे’ म्हणून दुसरा आकडा येणार. त्या गृहस्थांशी वाद घालू नका. सासूबाईंनीच सांगावं, “वर्षश्राद्धापर्यंत आमच्या घरात दुसरं काही करायचं नाही असं ठरलंय.” गावात या वाक्यापुढे कुणी बोलत नाही. तरीही भीती घालत राहिले, घरातल्या कुणाला मारायची-बांधायची भाषा केली, चमत्काराचा दावा करून पैशांसाठी मागे लागले, तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याखाली सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड होऊ शकतो. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करायची. कोण कधी आलं, काय बोललं, किती मागितले, हे तारखेसह वहीत आत्तापासूनच लिहून ठेवा. मात्र घरच्या भटजींकडून साधी शांत करावी असं सासूबाईंना मनापासून वाटत असेल, तर त्याला तुम्ही आडव्या येऊ नका. तो वेगळा विषय आहे आणि तुमच्या विज्ञानाला त्याने काही कमीपणा येत नाही. फक्त झडपेचा प्रयोग आधी, शांत नंतर. उलट क्रमाने केलंत तर नेमका गुण कशाचा, हा नवा वाद वर्षभर पुरेल.

वाडा विकायचा की नाही, हे डिसेंबरात ठरवू नका. विकायची खरी कारणं असू शकतात: दुरुस्तीचा खर्च, भाऊबंदकी, गावात कायम राहणारं कुणी नसणं. ती नवऱ्याशी स्वच्छ बोला. भुताच्या बोलण्याने घराची किंमत पडते, आणि ती पाडण्यात कुणाला रस आहे का, हेही डोळे उघडे ठेवून बघा.

सासूबाईंचं मात्र निराळं आहे. त्या गारठ्यात त्यांना नवऱ्याची चाहूल लागत असेल, तर झडप लावून आपण ती त्यांच्याकडून काढून घेतोय. प्रयोगाचा निकाल “बघा, काही नव्हतंच” असा त्यांच्यापुढे टाकू नका. त्या पहाटे चारला जाग्या का असतात, हे विचारा. त्या वेळी सासरे उठायचे का, बंब पेटवायचे का? बोलू द्या. झोप महिनोन् महिने लागत नसेल, जेवण तुटलं असेल, तर डॉक्टरकडे न्यायला संकोच नको. आरामखुर्ची त्या जागेवरून उचलून ओसरीवर, उन्हात ठेवली तर बहुतेक त्यांनाच आवडेल. पण विचारून.

मुलीला “काही नाहीये, झोप” म्हणू नका, तिलाही तो गारठा लागला असेल. ती तूर्त तुमच्याजवळ झोपू दे. प्रयोगाच्या आठ रात्री संपल्या की आजोबांचा टॉर्च तिच्या हातात द्या आणि रात्रीची फेरी तिच्यासोबत मारा: परसदाराची कडी, दाराखालची वाळूची पिशवी, माळ्याची झडप. कडी घातली की कॅलेंडरवर खूण तिने करायची. होळीनंतर उकडायला लागलं की झडप रात्री उघडी ठेवायची, म्हणजे कौलांखाली साचलेला दिवसाचा उकाडा निघून जाईल आणि तोच गार झोत मे महिन्यात जिन्याखाली अंथरूण टाकायला बोलावेल.